सात महिन्यांची लेक, सासूबाई आणि जर्मनी: विमानाची काळजी सगळ्यात शेवटी करा

प्रश्न नाशिकहून आला आहे. मुलगी आत्ता चार महिन्यांची आहे. तिच्या बाबांना कंपनी पुढच्या महिन्यात श्टुटगार्टला पाठवते आहे. नोव्हेंबरात आई, मुलगी (तेव्हा सात महिन्यांची होईल) आणि सासूबाई दहा आठवड्यांसाठी जाणार. नाशिक ते मुंबई गाडीने, तिथून फ्रँकफर्टला थेट विमान. "नऊ तास बाळ विमानात कसं राहील या विचाराने झोप उडाली आहे. कान दुखतील का? झोपेचं औषध द्यावं का? बरोबर काय काय न्यावं?"

झोपेच्या औषधापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर एका शब्दात आहे: नाही. गेली चोवीस वर्षं पुण्यात लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करते आहे. प्रवासाला निघालेले आईबाप सगळं विचारून होतं, उठतात, आणि दाराशी उभं राहून हळूच हाच प्रश्न विचारतात. यासाठी जे औषध सर्रास वापरलं जातं ते प्रोमेथाझिन. दोन वर्षांखालच्या मुलांत त्याने श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. सर्दीच्या औषधाने गुंगी येते म्हणून ते देणारेही असतात. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखाली देऊ नये, असं आपल्याकडच्या औषध महानियंत्रकांनीही डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं आहे. शिवाय काही बाळं या औषधांनी झोपत नाहीतच, उलट चिडतात आणि रात्रभर किंचाळतात. हे विमानात कळणं फार वाईट.

आता खरं सांगू? त्या नऊ तासांना तुम्ही द्याल तेवढं महत्त्व देण्यासारखं त्यात काही नाही. सात महिन्यांचं बाळ प्रवासाला तसं सोयीचं. बसतं पण अजून पळत नाही, मांडीवर मावतं, दूध मिळालं की खूश. माझ्या अनुभवात लोक अडतात ते दोन ठिकाणी: निघण्याआधीच्या कागदांत, आणि पोचल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत.

कागदांचं म्हणाल तर तुमच्याकडे वेळ आहे असं तुम्हाला वाटतंय, पण तो नाही. बाबा पुढच्या महिन्यात निघताहेत ना? मग जे काही त्यांच्या सहीचं आहे ते त्याआधी. सगळ्यात आधी जन्मदाखला काढून बघा. दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून कित्येक दाखल्यांवर नावाची जागा कोरीच असते आणि ते पासपोर्टच्या दिवशी लक्षात येतं. वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालून मिळतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, त्यामुळे याला पळवाट नाही. दाखल्यावर आईचं नाव लग्नाआधीचं आणि तुमच्या पासपोर्टवर लग्नानंतरचं, असं असेल तर तेही आत्ताच निस्तरा.

पासपोर्टच्या अर्जासोबतच्या अ‍ॅनेक्शर डी वर, म्हणजे पालकांच्या संमतीच्या नमुन्यावर, आई-वडील दोघांची सही लागते. बाबा परदेशी गेल्यावर हीच सही दूतावासातून करून आणायची म्हणजे आठवडे जातात. चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो सोबत न्यावा लागतो, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा. स्टुडिओत बाळाची मान धरून बसण्यापेक्षा सकाळी खिडकीजवळ गादीवर पांढरी चादर ताणा, बाळाला उताणं झोपवा आणि वरून फोटो काढा. काजळ, तीट, टोपडं काहीच नको, कुणाचा हात दिसायला नको. दुपटं दिसलं म्हणून फोटो परत आलेले मी पाहिले आहेत. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा मिळतो.

व्हिसा बाळालाही स्वतंत्र लागतो. सहा वर्षांखाली शेंगेन व्हिसाचं (युरोपातल्या बहुतेक देशांचा एकत्रित व्हिसा) शुल्क नाही, बोटांचे ठसे बारा वर्षांखाली घेत नाहीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तुम्ही बाबांशिवाय बाळाला घेऊन जाणार, म्हणून त्यांचं इंग्रजी संमतीपत्र नोटरी करून ठेवा, सोबत त्यांच्या पासपोर्टची प्रत. व्हिसाच्या अर्जाला ते लागेल, आणि सीमेवर कुणी विचारलंच तर पर्समध्ये असू दे, मोठ्या बॅगेत नको. विमा किमान ३० हजार युरोचा लागतो. तो घेताना बाळाच्या वयाची अट वाचा, काही पॉलिसी अगदी तान्ह्या बाळांना घेत नाहीत. विम्याचा एजंट "होऊन जाईल" म्हणाला तरी वाचा.

लसींकडे वळू. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस झाले असतील असं धरते. सहा महिने पूर्ण झाले की फ्लूची लस द्या. पहिल्या वर्षी तिचे दोन डोस असतात, मध्ये चार आठवडे, म्हणजे निघायच्या आत दोन्ही बसवायचे तर सहा महिने भरल्या भरल्या सुरुवात हवी. गोवराचं जरा समजून घ्या. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, आणि ते नऊ महिने तुमचे तिथेच भरणार. जर्मनीत ही लस सहसा अकरा महिन्यांची झाल्यावर देतात, त्यामुळे तिथल्या डॉक्टरकडे "नऊ महिन्यांची लस द्या" म्हणून गेलात तर ते गोंधळतील. परदेश प्रवासाआधी सहा महिन्यांनंतर एक जादा डोस देता येतो. तो हिशेबात धरत नाहीत, पुढचे डोस वेळेवर द्यावेच लागतात. तुमच्या डॉक्टरांशी हे बोलाच. आणि लसीच्या कार्डावर कंपनीचं नाव न लिहिता लसीचं मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्या. आम्हा डॉक्टरांचं अक्षर जर्मनीत कुणी ओळखणार नाही.

औषधांची पिशवी छोटी ठेवा: पॅरासिटॅमॉल, सलाइनचे नाकातले थेंब, ओआरएसची पुडी, थर्मामीटर, लंगोटाच्या पुरळासाठी झिंकचं मलम, चालू असलेले व्हिटॅमिन डीचे थेंब. ओआरएस म्हणजे पावडरची पुडी, टेट्रापॅकमधलं गोड पेय नव्हे. व्हिटॅमिन डी वर्षभर रोज ४०० युनिट, आणि तिथल्या हिवाळ्यात तर अजिबात चुकवू नका, दुपारी साडेचारला अंधार पडतो.

पॅरासिटॅमॉलवर मात्र थांबून बोलते, कारण इथे चूक होते आणि ती धोक्याची आहे. मात्रा वजनावर ठरते: किलोला साधारण १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. सात किलोच्या बाळाला म्हणजे साधारण १०० मिलिग्रॅम. आपल्याकडच्या ड्रॉप्समध्ये बहुधा एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, तेव्हा डोस झाला १ मिलि. सिरप असेल तर बऱ्याचदा पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, मग तोच डोस चार मिलिच्या थोडा वर. आता कुणी सिरपचा आकडा लक्षात ठेवून ड्रॉप्सच्या बाटलीतून चार मिलि दिले तर चौपट औषध गेलं. म्हणून मिलि पाठ करू नका, मिलिग्रॅम लिहून ठेवा. बाबांनाही तेच लिहून द्या, पहाटे तीनला बाटली त्यांच्या हातात असणार. जर्मनीत औषधाच्या दुकानात गेलात तर बाळासाठी बहुधा शी-च्या जागेतून घालायची बत्ती देतील, ७५ किंवा १२५ मिलिग्रॅमची. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर "हे कसलं औषध" म्हणून तिथेच वाद सुरू होईल. औषध तेच, रस्ता वेगळा. उलटी करणाऱ्या बाळाला तर तो जास्त बरा.

बाळगुटीची सहाण उगाळायला घेऊन जाणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: नका. जायफळ आणि वेखंड किती उगाळलं गेलं हे कुणालाच मोजता येत नाही, आणि वेखंडाला अमेरिकेत खाद्यपदार्थांत १९६८ पासून बंदी आहे. चाटणात मध असेल तर तो वर्षाच्या आत कुठल्याही देशात नको.

खाण्यापिण्यात एक गोष्ट घरच्यांना पटवणं अवघड जातं. साजूक तूप नेता येत नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाने दूध-दुभतं आणि मांस आणायचं नाही असा नियम आहे, आणि त्यात तूप, पेढे, खवा सगळं आलं. सूट आहे ती बाळाच्या दूध पावडरला आणि बाळाच्या खाण्याला, माणशी दोन किलोपर्यंत, कंपनीच्या बंद पाकिटात आणि फ्रिजमध्ये ठेवावं न लागणारं. तूप तिथे मिळतं. 'बुटरश्माल्त्स' म्हणून कुठल्याही सुपरमार्केटात डबा असतो, चव आपल्या कढवलेल्या तुपासारखी नाही, पण मऊ भातावर घालायला काही वाईट नाही. नाचणीचं सत्त्व, तांदूळ-मुगाची भरड न्या, पण घरच्या झिपच्या पिशवीत पांढरी-तपकिरी पावडर नको, छापील लेबलचं पाकीट न्या. बाळाचं वरणभाताचं वेळापत्रक पहिल्या आठवड्यात जसंच्या तसं राहिलं तर निम्मी लढाई जिंकलात. तिथल्या बाळांच्या काचेच्या बरण्या चांगल्या असतात, पण शाकाहारी असाल तर लेबलवर 'फ्लाइश' शब्द शोधा, तो मांसाचा. गाजर-बटाट्याच्या बरणीतही असू शकतो.

तुम्ही अंगावर पाजता की पावडर देता हे लिहिलेलं नाही. अंगावर पाजत असाल तर प्रवासाचा निम्मा प्रश्न सुटलेलाच आहे. पावडर असेल तर प्रत्येक वेळेपुरती मोजून छोट्या डब्यांत भरा आणि उकळलेलं पाणी थर्मासमध्ये. हातातल्या सामानात १०० मिलिपेक्षा मोठी द्रवाची बाटली नको हा नियम बाळाच्या दुधाला, पाण्याला लागू होत नाही, पण तपासणीत स्वतःहून बाहेर काढून दाखवा. जर्मनीत बाटलीचं पाणी घेताना 'श्टिल' बघून घ्या, नाहीतर दुधात सोड्याचे बुडबुडे. नळाचं पाणी तिथे पिण्याजोगं असतं, पावडरीसाठी तेच उकळून वापरा.

आता विमान. तिकीट काढतानाच बॅसिनेटची विनंती करा, म्हणजे पुढच्या भिंतीला लावायचा पाळणा. वजनाची मर्यादा विमान कंपनीनुसार बदलते, बऱ्याच ठिकाणी १० किलोच्या आसपास. तुमची लेक त्यात बसेल. पण विनंती म्हणजे हमी नव्हे, आणि पट्ट्याचा दिवा लागला की झोपलेल्या बाळालाही उचलून मांडीवर घ्यावं लागतं. दोन वर्षांखालच्या बाळाचं मांडीवरचं तिकीट आंतरराष्ट्रीय विमानात बहुधा मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतं.

मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. ते बाळासाठी उत्तम आणि तुमच्यासाठी वाईट. समृद्धी महामार्ग झाला तरी भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच, तेव्हा नाशिकहून दुपारीच निघा. रात्री आठला बाळाचं जेवण, कपडे बदलणं विमानतळावर, बाळांच्या खोलीत. रोजचंच झोपायचं झबलं, रोजचीच गोधडी. त्या गोधडीचा वास हेच खरं झोपेचं औषध.

कानांचं असं आहे की नाकाच्या मागून मधल्या कानाकडे जाणारी नळी बाळांमध्ये आखूड आणि आडवी असते. विमान चढताना हवा सहज बाहेर येते, उतरताना आत जायला अडते, म्हणून दुखलं तर उतरताना दुखतं. उतरणं चाकं टेकायच्या साधारण अर्धा तास आधी सुरू होतं. तेव्हा पाजा, बाटली द्या, चोखणी द्या, गिळणं महत्त्वाचं. सगळं दूध उड्डाणालाच पाजून मोकळ्या होऊ नका. झोपली असेल तर उठवू नका. कानात कापसाचे बोळे आणि वर कानटोपी याने आजीचं समाधान होतं, दाबावर काही परिणाम होत नाही. सर्दी झाली असेल तर निघायच्या आदल्या दिवशी कान तपासून घ्या. पडदा लाल-फुगलेला असेल तर तिकीट पुढे ढकलायचं की नाही हे डॉक्टर सांगतील.

कपड्यांचे जादा जोड बाळासाठी सगळेच घेतात. स्वतःसाठी घ्या. मी माझ्या दहा महिन्यांच्या मुलाला घेऊन मँचेस्टरला निघाले होते. स्वतः डॉक्टर, यादी करून निघालेली, आणि उड्डाणानंतर तासाभरात त्याने माझ्या अंगावर सगळं जेवण काढलं. माझे कपडे विमानाच्या पोटातल्या सामानात. उरलेला प्रवास मी विमानातलं ब्लँकेट गुंडाळून केला, आणि उतरताना ते परत मागितलं.

सासूबाईंचे गुडघे खरंच दुखत असतील तर व्हीलचेअर मागा, दुखत नसतील तर नको. फ्रँकफर्टला चालणं बरंच आहे. शेंगेन सीमेवर आता पहिल्यांदा येणाऱ्यांचे चेहऱ्याचे फोटो नोंदवतात आणि व्हिसाला दिलेले ठसे तपासतात, बाळाचा फक्त फोटो, त्यामुळे रांगेत वेळ धरा. बाळाला पोटाशी बांधायची झोळी अंगावर ठेवा, कारण विमानाच्या दारात दिलेली बाबागाडी लगेच हाती येईलच असं नाही.

फ्रँकफर्ट ते श्टुटगार्ट बाबा गाडी घेऊन न्यायला येणार असतील तर त्यात बाळाची कार सीट हवीच. तिथे बारा वर्षांखालच्या आणि दीड मीटरपेक्षा बुटक्या मुलांना योग्य सीटशिवाय बसवता येत नाही, मांडीवर तर नाहीच. जाड जाकीट काढून पट्टे आवळायचे आणि वरून गोधडी. त्यापेक्षा माझा सल्ला रेल्वेचा. विमानतळाला जोडलेल्या स्टेशनातूनच आयसीई, म्हणजे जर्मनीची वेगवान गाडी, सुटते, सव्वा तासाच्या आसपास लागतो, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी वेगळा कप्पा आरक्षित करता येतो आणि सहा वर्षांखाली तिकीट नाही.

आणि रविवारी पोचू नका. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. डायपर संपले तर मोठ्या स्टेशनातलं एखादं दुकान सापडेल, एवढंच. इतर दिवशी 'डीएम' किंवा 'रोसमान' या दुकानांत बाळाचं सगळं मिळतं, म्हणून डायपरच्या थप्प्या नाशिकहून वाहून नेऊ नका, तीन दिवसांपुरते पुरेत. डीएमच्या बऱ्याच दुकानांत बाळाला बदलायचं टेबल आणि त्यावर फुकट डायपरही असतात.

मग येतात ते चार दिवस. हिवाळ्यात घड्याळ साडेचार तास मागे जातं. लेक तिच्या सकाळी सातला उठेल, तेव्हा तिथे रात्रीचे अडीच वाजलेले असतील. रडत नसेल, नुसती टक्क जागी असेल. घाबरून डॉक्टर शोधू नका. आजीलाही त्याच वेळेला जाग येणार, तेव्हा दिवा मंद ठेवून दोघींना खेळू द्या आणि तुम्ही झोपा. दिवसा उजेडात रोज बाहेर न्या, थंडी असली तरी. रोज थोडं पुढे सरकत चार-पाच दिवसांत जमतं. पहिल्या आठवड्यात फिरणं, पाहुणे, ख्रिसमसचे बाजार काही ठरवू नका.

घरात दोन गोष्टी सांभाळा. तिथल्या पलंगावर जाड पिसांची दुलई असते. बाळ तुमच्या शेजारी त्या दुलईत नको, तोंडावर येते. तिला स्वतःचा पाळणा आणि 'श्लाफझाक', म्हणजे अंगात घालायची झोपेची पिशवी. दुसरी धुरी. माझ्याकडच्या एका कुटुंबात आजीने म्युनिकच्या फ्लॅटमध्ये ओवा आणि लसणाच्या सालींची धुरी केली. छतावरचा धुराचा भोंगा वाजला, वरचे-खालचे शेजारी जिन्यात. जर्मनीत घरोघरी हे यंत्र कायद्याने असतं. मालिश खुशाल करा, गरम हवेने कातडी कोरडी पडते तेव्हा खोबरेल तेल चांगलंच. निखारा मात्र नाशिकलाच ठेवा.

बाळ आजारी पडलंच तर जीवघेण्या प्रसंगी ११२, आणि दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७. तिथले डॉक्टर साध्या तापाला अँटिबायोटिक देत नाहीत, "दोन दिवस बघू" म्हणून परत पाठवतात. ते टाळत नाहीत, बहुतेक वेळा ते बरोबर असतात. पण बाळ दूध पीत नसेल, सहा-आठ तास लघवी नसेल, श्वास भराभर चालत असेल किंवा हाका मारूनही डोळे जड असतील, तर "बघू" ऐकून घरी येऊ नका, तिथेच बसा. बिलं आधी तुम्ही भरायची आणि विम्याकडून मागायची अशी पाळी येऊ शकते, म्हणून प्रत्येक कागद जपून ठेवा.

परतताना बाळ साडेनऊ महिन्यांचं असेल, रांगणारं, म्हणजे जाताना जमलेलं सगळं येताना जमेलच असं नाही. बॅसिनेटचं वजन तेव्हा पुन्हा तपासा, आणि नाशिकला पोचल्या आठवड्यात गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस द्या.